जुनी इनोव्हा घेतोयस ना? आधी हे वाच

टोयोटाचं नाव ऐकून डोळे मिटून टोकन देऊ नकोस. घराणं मूळचं यंत्रमागवालं, मोटार कंपनी 1937 ची. आपल्याकडे 1997 मध्ये किर्लोस्करांशी भागीदारी झाली, कारखाना बंगळूरजवळ बिडदीला. मागवाले आणि नांगरवाले, चांगली सोयरीक! 2000 साली क्वालिस आली. दिसायला निव्वळ डबा, पण लोकांनी डोक्यावर घेतली. इनोव्हा 2005 ची.

माझी 2.5 डिझेल आहे. सात माणसं, टपावर सामान, तरी घाटात कुरकुर नाही. रिकामी असली की मागची बाजू आदळते, ते सोसायचं.

गाडी बघायला सकाळी जा, इंजिन गार असताना. मीटर सत्तर हजार दाखवतोय आणि ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत? समजून जा, मीटर मागे फिरवलाय. (मी एकदा असाच फसलोय.) आरसी नीट वाच, टुरिस्टची पिवळी पाटी काढून पांढरी लावलेल्या गाड्या बऱ्याच फिरतात. टायमिंग बेल्ट बदलल्याचं बिल मागच, तो तुटला तर इंजिन खोलावं लागतं. आणि पंधरा वर्षं भरत आली असतील तर री-पासिंगचा (आरटीओत पुन्हा नोंदणीचा) खर्च किमतीतून कापून घे.