पीटीचे क्लायंट दुसऱ्या महिन्यात का गळतात?

तुम्ही लिहिलंय की मुलुंडच्या एका जिममध्ये पर्सनल ट्रेनिंग देता, क्लायंट बहुतेक ऑफिसवाले, पहिला महिना जोरात येतात आणि दुसऱ्या महिन्यात ‘वजन हलत नाही’ म्हणून गळतात. वर मॅनेजर फॅट बर्नर, म्हणजे चरबी घटवण्याच्या नावाने विकले जाणारे डबे, खपवायला सांगतोय. दोन्हींचं उत्तर देतो, पहिलं जरा लांबेल.

माझ्या मते गळती व्यायामामुळे कमी आणि मोजमापामुळे जास्त होते. पहिल्या आठवड्यात माणूस भात-साखर एकदम कमी करतो. शरीरातला ग्लायकोजेनचा (स्नायू आणि यकृतात साठवलेल्या साखरेचा) साठा उतरतो, आणि एक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत साधारण तीन ग्रॅम पाणी असतं, तेही जातं. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात ते बरंचसं हे पाणी. सगळे खूश, ग्रुपवर फोटो. पुढे खरी चरबी हळू उतरते, आणि त्याच वेळी नव्या व्यायामाने दुखावलेले स्नायू पाणी धरतात. काटा अडतो. हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असेल तर क्लायंट थांबतो. तिसऱ्या आठवड्यात सांगितलं तर ती सबब वाटते.

हिशेबही पहिल्याच दिवशी मांडा. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे 7700 कॅलरी. रोज 400 कॅलरींची तूट धरली तर आठवड्याला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास उतरतात. दहा किलोंना सहा-साडेसहा महिने लागणार. लग्न दोन महिन्यांवर आलेल्याला तीन किलो कबूल करा, दहा नाही.

वजन आठवड्यातून तीनदा घ्यायला सांगा: सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी. एकेका आकड्याकडे बघू नका, तिन्हींची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडा. बायकांच्या बाबतीत पाळीच्या आधी एक-दोन किलो पाणी साठू शकतं, त्यामुळे चक्रातल्या त्याच आठवड्याची मागच्या महिन्याशी तुलना करा. कंबर दर दोन आठवड्यांनी. टेप सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, जमिनीला समांतर, नेहमीसारखा श्वास सोडून झाल्यावर. लोक टेप दिसला की पोट आत घेतात, म्हणून दोनदा मोजा. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा. आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा धरतात. फॅट टक्के दाखवणारं मशीन शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं. मे महिन्यात घामाघूम होऊन त्यावर उभं राहिलेल्याचा आकडा कामाचा नाही.

पहिल्या भेटीत आणखी एक काम: पार-क्यूचे (व्यायामाआधी तब्येत तपासण्याच्या प्रश्नावलीचे) सात प्रश्न विचारा, बीपी बघा आणि चालू गोळ्यांच्या पट्ट्यांचा फोटो मागा. ‘तब्येत कशी आहे?’ला सगळे ‘मस्त’ म्हणतात, पट्टी खरं सांगते. मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर (बीपी किंवा हृदयासाठीची) गोळी चालू असेल तर नाडी दबलेली राहते, घड्याळातला हार्ट रेट झोन तिथे निरुपयोगी. व्यायाम करताना तुटक वाक्य बोलता येतंय का, एवढंच बघा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्याची साखर सुरुवातीला तपासा; 90 mg/dL च्या खाली असेल तर आधी एक केळं खायला लावा. औषधाच्या डोसबद्दल अवाक्षर काढू नका. छातीत दुखणं, चक्कर असं काही सांगितलं तर डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत सेशन नाही.

आता कार्यक्रम. ‘सोमवार छाती, मंगळवार पाठ’ हे ऑफिसवाल्याला देऊ नका. रात्री उशिरा घरी पोहोचणाऱ्या माणसाचे आठवड्याला दोनच दिवस होतात, आणि जो दिवस बुडतो तो नेमका पायांचा असतो. तीन दिवस ठरवा, तिन्ही दिवस पूर्ण शरीर. गॉब्लेट स्क्वॉट (छातीशी डंबेल धरून बैठक), डंबेल रो (वाकून डंबेल वर ओढणं) किंवा लॅट पुलडाउन (मशीनचा दांडा वरून खाली ओढणं), उंचावर हात ठेवून पुशअप, रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून झुकत वजन खाली नेऊन वर आणणं), दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. पहिले दोन आठवडे प्रत्येकी दोनच सेट (फेऱ्या), एका सेटमध्ये 8 ते 12 रेप (म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा), आणि सेट संपल्यावर दोन-तीन रेप अजून निघाले असते असं वाटलं पाहिजे. पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारून घेणारे ट्रेनर असतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या माणसाला स्टेशनच्या पुलाचा जिना उतरता येत नाही आणि तो आठवडाभर तोंड दाखवत नाही. वजन खाली नेताना ताणलेल्या स्नायूला इजा जास्त होते म्हणून हे दुखणं येतं. थोड्या मात्रेने सुरुवात केली की पुढच्या वेळी बरंच कमी होतं. अंग भयंकर दुखून लघवी कोलासारखी काळपट झाली तर थेट हॉस्पिटल.

सगळ्या सेटमध्ये 12 रेप नीट आले की वजन वाढवा. इथे एक खोच आहे. जिममधले डंबेल अडीच किलोंनी वाढत असतील तर 5 वरून 7.5 म्हणजे दीडपट. पायांना चालून जातं, खांद्याला नाही. खांद्याच्या व्यायामात आधी 15-16 रेपपर्यंत जा, मगच पुढचं डंबेल. स्क्वॉटमध्ये टाच उचलली जात असेल तर बहुतेक वेळा घोटा आखडलेला असतो. दोन्ही टाचांखाली छोट्या प्लेट ठेवा आणि घोट्याचा व्यायाम वेगळा द्या. डेडलिफ्टमध्ये पाठ गोल होत असेल तर पाठीवर काठी उभी धरायला लावा: डोकं, खांद्यांचा मधला भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी ती टेकलेली राहिली पाहिजे. प्रत्येक सेशन वहीत लिहा. काटा अडलेला असतानाही वही पुढे सरकलेली दाखवता येते.

खाण्याचा चार्ट छापून देऊ नका, ब्रोकोलीचा उत्साह दोनच दिवस टिकतो. घरात महिन्याला किती लिटर तेल येतं आणि खाणारी माणसं किती, हे विचारा. माणशी एक लिटर म्हणजे रोजचे जवळजवळ 30 ग्रॅम, सुमारे 270 कॅलरी, फक्त तेलाच्या. स्वयंपाक दुसरं कुणी करत असेल तर त्या व्यक्तीशी बोलल्याशिवाय यात काही बदलत नाही. प्रथिनं किलोमागे 1.2 ते 1.6 ग्रॅम धरा, म्हणजे 70 किलोंच्या माणसाला 85 ते 110. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्याला मात्र हा आकडा तुम्ही द्यायचा नाही. पातळ वरणाच्या वाटीतून चार-पाच ग्रॅम मिळतात, आणि लोक तेवढ्यावर ‘डाळ खातो की’ म्हणतात. दोन अंडी 12, शंभर ग्रॅम पनीर 18, पन्नास ग्रॅम कोरडे सोया चंक्स 25, शंभर ग्रॅम बांगडा 19-20. ओल्या बोंबलात बहुतांश पाणीच, वर रव्यात तळला की तेल पितो; आवडत असेल तर जरूर खावा, पण प्रथिनांच्या हिशेबात फारसा धरू नये.

खरा घोळ संध्याकाळी होतो. दीडला डबा, दहाला जेवण, मध्ये स्टेशनबाहेरचा तीनशेच्या आसपास कॅलरींचा वडापाव. तो सोडा म्हणण्यापेक्षा पाच वाजता पन्नास ग्रॅम फुटाणे आणि ताक खायला सांगा, वडापाव बराचसा आपोआप सुटतो. संकष्टीला साबुदाणा खिचडीऐवजी दही, राजगिरा, मोजून मूठभर दाणे.

सरासरी वजन आणि कंबर दोन्ही तीन आठवडे हलली नाहीत तरच काही बदला, आणि एका वेळी एकच. आधी फोनमधली पावलं बघा: लोकलने जाणारा माणूस नकळत बरंच चालतो, तोच घरून काम करायला लागला की पावलं कोसळतात. मग शनिवार-रविवार तपासा. मग तेल.

पावसाळ्याची सोय जूनच्या आधीच करून ठेवा. पाठीवरच्या बॅगेत एक लिटरच्या सहा भरलेल्या बाटल्या म्हणजे सहा किलो: स्क्वॉट, रो, ओट्यावर हात टेकून पुशअप, सोसायटीचा जिना, वीस मिनिटं. रुळांवर पाणी आलं की हा घरचा व्यायाम सकाळीच व्हॉट्सॲपवर पाठवा. ऑक्टोबर आणि मे महिन्यात दमट हवेत घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, तेच वजन उचलताना नाडी जास्त पळते. त्या दिवसांत दोन सेटमधली विश्रांती वाढवा आणि ‘घाम म्हणजे चरबी’ हा समज वेळीच मोडा.

फॅट बर्नरचं थोडक्यात: विकू नका. बऱ्याचशा डब्यांतला कामाचा भाग कॅफिन असतो, आणि बीपीच्या माणसाला त्याचा त्रास होऊ शकतो. मॅनेजरशी तत्त्वावर वाद घालू नका, डब्याचं कमिशन आणि एका क्लायंटचं तीन महिन्यांचं रिन्युअल असे दोन आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहून दाखवा. कुणी स्वतःच डबा घेऊन आला तर लेबलवरचे कॅफिनचे मिलिग्रॅम वाचा, दिवसभराचा चहा-कॉफी मिळवा. निरोगी माणसाचीही बेरीज 400 च्या वर जात असेल, किंवा लेबलवर आकडाच नसेल, तर तो डबा घ्यायचा नाही असं स्पष्ट सांगा.