आधी शिंपले मोजायला शिक

जुन्या समुद्री जीवांचा अभ्यास करायचाय ना? मग पुण्याच्या काळ्या पाषाणात समुद्री जीवाश्म शोधू नकोस, तो लाव्हाचा खडक. त्यासाठी कच्छला जा. त्याआधी पुण्यातल्याच आघारकर संशोधन संस्थेतल्या पुराजीवशास्त्रज्ञांना भेट. नुसते देखणे अमोनाइट, म्हणजे नामशेष समुद्री जीवांचे वळणदार शंख, उचलायचा मोह मात्र आवर. फुटके, साधे शिंपलेही मोज, समुद्राची जुनी हजेरी त्यांच्यातच असते. उत्तर अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं गोडं पाणी 1930 च्या दशकापासून धरणांनी अडवलं; मुखाशी पूर्वी किती जीव नांदत होते, ते मेलेल्या शिंपल्यांच्या ढिगांवरूनच कळलं. कोकणात मेलेले आणि जिवंत शिंपले जातीनुसार वेगळे मोजून बघ. याद्या जुळल्या नाहीत, तर लगेच प्रदूषणावर खापर फोडू नकोस. लाटाही शिंपले वाहून आणतात. ते कुठून येतात, हे कोळी बांधवांना विचार. आणि शिंपले ज्या चाळणीने चाळशील, तिच्या भोकांचं माप वहीत लिहीच.