गॅरेजच्या कट्ट्यावरून : कॅम्पर ओढायला कोणती गाडी?

प्रश्न : आम्ही साताऱ्यात राहतो. मी आणि मिस्टर दोघंही शाळेतून निवृत्त झालो. फिरण्यासाठी एका फॅब्रिकेटरकडून गाडीमागे ओढायचा छोटा, एका एक्सलचा कॅम्पर करून घेत आहोत. आत एक पलंग आणि मागे ओटा. तो म्हणतो, रिकामं वजन ६२० किलो भरेल. महाबळेश्वर, कोयनानगर आणि पुढे कुंभार्ली घाटाने कोकण असा बेत आहे. सध्या एर्टिगा आहे, तिलाच हूक वेल्ड करून देतो असं तो म्हणाला. मुलगा म्हणतो नवी एसयूव्ही घ्या, दीर म्हणतात बोलेरोला तोड नाही. सांगलीत एक २०१८ची डिझेल इनोव्हा क्रिस्टाही बघून ठेवली आहे. पुढची दहा-बारा वर्षं टिकेल असं काय घ्यावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : बाई, तुमच्या पत्रातला सगळ्यात कच्चा आकडा तो ६२० किलोचा आहे. फॅब्रिकेटर सांगतो ते लोखंड, प्लाय आणि पत्र्याचं वजन. त्यात पन्नासेक किलोची बॅटरी जाणार, साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, घरगुती गॅसचा भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात. गादी, भांडी, शिधा, खुर्च्या, आणि मिस्टरांची 'असू दे, लागेल' म्हणून घेतलेली हत्यारांची पेटी. आठशे किलो धरून चाला. कॅम्पर तयार झाला की सगळं सामान भरून आधी वजनकाट्यावर न्या. तुमच्या भागात उसाचे आणि वाळूचे काटे काही कमी नाहीत.

दुसरं वजन बहुतेक जण करतच नाहीत. ट्रेलर गाडीपासून सोडवायचा आणि त्याचा दांडा जिथे हुकावर बसतो, तेवढंच टोक काट्यावर टेकवायचं. टोकाखाली लाकडाचा ठोकळा देऊन ते हुकाच्याच उंचीवर ठेवायचं. अडत दुकानात हळदीची पोती ज्यावर तोलतात तो प्लॅटफॉर्म काटा याला झकास. एकूण वजनाच्या साधारण दहावा हिस्सा तिथे यायला हवा, म्हणजे तुमच्या बाबतीत ऐंशी किलोच्या आसपास. ते टोक हलकं राहिलं, म्हणजे जड सामान मागच्या ओट्याकडे गेलं, की ऐंशीच्या स्पीडला ट्रेलर शेपूट हलवायला लागतो आणि मग गाडीलाही ओढत नेतो. पाण्याची टाकी आणि बॅटरी एक्सलवर किंवा जरा पुढे बसवायला आत्ताच सांगा, नंतर काही हलवता येत नाही.

आता एर्टिगा. गाडी उत्तम आहे, माझ्याकडे टॅक्सीवाल्यांच्या येतात आणि निमूट पळतात. पण हे तिचं काम नाही. ती रिकामी बाराशे किलोच्या आत-बाहेर, मागे आठशे किलो. ओढणारी चाकं पुढची. हुकावर वजन आलं की मागचा भाग बसतो आणि पुढची चाकं हलकी होतात, त्यात चढाला भार आणखी मागे सरकतो. पावसाळ्यात पसरणी घाटातल्या वळणावर थांबून पुन्हा उचलायची वेळ आली, की चाक जागच्या जागी फिरणार. शिवाय त्या पेट्रोल इंजिनाचा सगळा जोर, १३७ न्यूटनमीटरच्या आसपास, चार हजार आरपीएमच्या वर मिळतो. क्लच प्लेट किती दिवस टिकेल ते मी सांगायला नको.

आणि वेल्डिंगचा हूक? अजिबात नको. एर्टिगाला वेगळी चॅसी नाही, बॉडीचा पत्राच तिचा सांगाडा. त्याला वेल्ड मारलं की शेजारचा पत्रा कमजोर होतो आणि गंज तिथूनच धरतो. हूक कुठल्याही गाडीला लावा, तो चॅसीच्या दोन्ही रुळांना जाड प्लेट देऊन हाय-टेन्साइल बोल्टने आवळलेला हवा. बंपरला नाही. उसाच्या ट्रॉलीसारखी पिन तर मुळीच नको. पिनेला भोकात ढिलाई असते, ट्रॅक्टर वीसच्या स्पीडला चालतो म्हणून ती चालून जाते. तुमच्या गाडीला प्रत्येक ब्रेकला आणि प्रत्येक गिअरला हिसका बसेल आणि वर्षभरात गिअरबॉक्सचे माउंटिंग बोलायला लागतील. ५० मिलिमीटरचा बॉल आणि त्यावर बसणारा कपलर, खाली दोन साखळ्या एकमेकींना छेद देऊन. कपलर निसटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो.

लोक मला विचारतात, ताकद किती लागेल. चढाचं मी फारसं मनावर घेत नाही. कमी ताकदीची गाडी चढाला फार तर हळू जाईल, मागचे हॉर्न वाजवतील, वाजवू देत. खरी परीक्षा उताराला. पाचगणीहून वाईला उतरताना तुम्ही साडेपाचशे मीटरहून जास्त खाली येता. नुसत्या आठशे किलोच्या कॅम्परची त्या उतारावरची ऊर्जा म्हणजे हजार वॅटची इस्त्री सव्वा तास चालू ठेवण्याइतकी. गाडी आणि माणसं धरली तर साडेतीन पट. त्यातली थोडी वारा खातो, थोडी इंजिन अडवतं, उरलेली सगळी डिस्क आणि लायनरमध्ये उष्णता होऊन बसते. म्हणून ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, गरज पडली तर आणखी एक खाली. ब्रेकवर पाय ठेवून रांगत उतरायचं नाही. दाबायचा तेव्हा नीट दाबायचा आणि सोडायचा. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४चं नवं ऑईल २३० अंशांच्या वर उकळतं, पण पाणी मुरलेल्याची हद्द १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की पेडल थेट फळीला टेकतं. दर दोन वर्षांनी बदला, पाचशे-हजाराचं काम आहे. आणि कॅम्परलाही स्वतःचे ब्रेक घ्या. गाडी थांबायला लागली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्याच रेट्याने त्याचे ब्रेक लागतात, त्याला ओव्हररन ब्रेक म्हणतात. युरोपात ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला ब्रेक सक्तीचे आहेत. तुमचा त्याच गटातला.

तेव्हा गाडी अशी हवी : वेगळी चॅसी, मागच्या चाकांना ओढ, डिझेलचा खालच्या आरपीएमलाच येणारा जोर, आणि कराडपासून चिपळूणपर्यंत कुठेही पार्ट मिळणारी. मुलाला सांगा, नव्या एसयूव्ही नावाच्या बहुतेक गाड्या उंच केलेल्या कारच आहेत. हायक्रॉससुद्धा तशीच, पुढची चाकं ओढणारी, नावात इनोव्हा असली तरी. दिरांची बोलेरो मला मनापासून आवडते. मागे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग आहेत, खेड्यातल्या गॅरेजचा पोरगाही खोलतो. पण २१० न्यूटनमीटरवर कॅम्पर ओढताना कुंभार्लीत दुसऱ्या गिअरलाच तुमचा संसार होईल, आणि लांबच्या प्रवासात पाठ तक्रार करेल. साठीनंतर हेही बघायचं. स्कॉर्पिओ क्लासिक त्याहून बरी, ३०० न्यूटनमीटर. इसुझूची व्ही-क्रॉस ओढायला दांडगी आहे, पण मागे हौदा आहे आणि तुम्ही तर झोपायची सोय वेगळी करताय.

माझं मत क्रिस्टाला, २.४ डिझेल, मॅन्युअल. ३४३ न्यूटनमीटर, तेही चौदाशे आरपीएमपासून. चॅसी ट्रकसारखी वेगळी. दीड-दोन लाख किलोमीटर झालेली असली तरी सर्व्हिसचे कागद सलग असतील तर मी घाबरत नाही. २०१८ची असेल तर धुराच्या जुन्या नियमातली, बीएस-४, म्हणजे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) चोक होण्याची कटकट नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्या बीएस-६ डिझेलवाल्यांना ती विचारा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढते, तेव्हा तुमची दहा-बारा वर्षं आरामात बसतात.

पण सांगलीची गाडी म्हणालात म्हणून थांबवतो. २०१९ आणि २०२१, दोन्ही महापूर त्या गाडीने पाहिले असू शकतात. मालक 'आमच्याकडे पाणी आलंच नव्हतं' म्हणेल, तुम्ही सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ दिसली तर नमस्कार करून निघा. पट्टा बदललेला असेल तर सीटखालचे बोल्ट बघा, डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचे कनेक्टर उघडून हिरवट धरलंय का बघा, स्टेपनीच्या मागच्या कोपऱ्यात गाळाची पूड असते ती चोळून बघा. पॉलिशवाला एवढ्या आत जात नाही. विम्याच्या क्लेमचा इतिहासही मागा.

आणि पैसे देण्याआधी गाडीच्या मॅन्युअलमधलं टोइंगचं पान वाचा. किती किलो ओढायची परवानगी आहे ते तिथे असतं, काही गाड्यांना तर ट्रेलर लावूच नका असं लिहिलेलं असतं. परदेशातल्या त्याच नावाच्या गाडीचा आकडा इथे धरायचा नाही. डीलरकडून लेखी घ्या. लेखी नाही म्हणाला तर माझं वरचं सगळं कौतुक बाजूला ठेवा आणि दुसरी गाडी बघा. फॅब्रिकेटरला कॅम्परची उरलेली रक्कम देण्याआधी ड्रॉइंग घेऊन आरटीओत जाऊन या. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात ट्रेलर हेसुद्धा मोटार वाहनच आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते. 'गाडीच्या मागे आहे, त्याला कशाला नंबर' असं कोणी म्हणालं तर त्याच्याकडून कॅम्पर घेऊ नका.

प्रश्न : आमची जुनी सुमो शेतावर उभी आहे. तिलाच कॅम्पर जोडला तर?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : चॅसी आहे, पाटे आहेत, मनाने मोठी आहे. पण २०१९ला सुमो बंद झाली. आधी मागची चॅसी हातोडीने ठोकून बघा. खणखणीत वाजली तर ब्रेक, व्हील सिलिंडर, रबरी होज, रेडिएटर सगळं नवं करा आणि हलका ट्रेलर लावा. बद्द वाजली तर शेतावरच राहू द्या. शेणखत भरायला बरी आहे.

प्रश्न : ट्रेलर रिव्हर्स घेताना उलटाच वळतो. काही युक्ती?
– एक वाचक, कराड

उत्तर : स्टिअरिंग खालून धरा, घड्याळात सहाचा आकडा असतो त्या जागी. ट्रेलरचं बूड ज्या बाजूला न्यायचं त्या बाजूला हात सरकवा, थोडाच. गाडी आणि ट्रेलरची घडी पडायला लागली तर पुढे घेऊन सरळ करा, लाजायचं नाही. शिकायला मोकळं मैदान आणि दोन रिकाम्या बादल्या पुरतात. आणि गळीत हंगामात कारखान्याच्या यार्डात तासभर उभे राहा. दोन ट्रॉल्या लावून काट्यावर येणारे ट्रॅक्टरवाले एक ट्रॉली सोडून दुसरी कशी मागे घेतात ते बघा, विचारलंत तर शिकवतीलही.