व्हिटनी : कमी जागेत मावणारी, दुरून वाचता येणारी अक्षरे

प्रश्न : मी पुस्तकांच्या मांडणीचे काम शिकत आहे. व्हिटनी या सॅन्स-सेरिफ, म्हणजे अक्षरांच्या टोकांना छोट्या रेघा नसलेल्या, टाइपफेसमध्ये (अक्षरसंचात) अमेरिकी आणि युरोपी परंपरांचा मेळ घातला आहे, असे वाचनात आले. मला मात्र सॅन्स-सेरिफ अक्षरे सगळी सारखीच दिसतात. हा मेळ नेमका कुठे पाहायचा, आणि तो घालण्याची गरज का पडली?

उत्तर : गरज का पडली हे आधी पाहिले, तर मेळ कुठे शोधायचा हेही उलगडत जाईल. न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियम ऑफ अमेरिकन आर्ट या संग्रहालयासाठी टोबायस फ्रेअर-जोन्स यांनी हा टाइपफेस रेखाटला आणि २००४ मध्ये तो सर्वांसाठी उपलब्ध झाला. संग्रहालयाला तो दोन अगदी वेगळ्या कामांसाठी हवा होता. एकीकडे छापील साहित्य होते, जिथे मोजक्या जागेत बराच मजकूर बसवावा लागतो. दुसरीकडे भिंतींवरचे दर्शक फलक होते, जे चालता चालता, दुरून आणि तिरप्या कोनातूनही वाचता आले पाहिजेत.

यांपैकी पहिल्या कामात अमेरिकी ‘गॉथिक’ अक्षरे (सॅन्स-सेरिफला अमेरिकेत पडलेले जुने नाव) मुरलेली होती. मॉरिस फुलर बेंटन यांनी अमेरिकन टाइप फाउंडर्स या छपाईचे टाइप बनवणाऱ्या कंपनीसाठी १९०८ मध्ये केलेले न्यूज गॉथिक हे त्यांतले ठळक उदाहरण. त्याची अक्षरे अंग चोरून उभी राहतात, म्हणून ओळीत जास्त शब्द मावतात. दुसरे काम एड्रियन फ्रुटिगर यांनी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळाच्या फलकांसाठी केलेल्या अक्षरांनी चोख बजावले होते. तीच अक्षरे पुढे १९७६ मध्ये ‘फ्रुटिगर’ या नावाने छपाईसाठी आली. त्यांचे बळ मोकळेपणात आहे, कारण हाताने लिहिलेल्या अक्षरांचे वळण त्यांच्या मुळाशी आहे.

आता हा फरक डोळ्यांनी पाहा. रोमन लिपीतली लहान ‘सी’, ‘ई’ आणि ‘एस’ ही अक्षरे हेल्वेटिका या प्रसिद्ध सॅन्स-सेरिफ टाइपफेसमध्ये व फ्रुटिगरमध्ये शेजारी शेजारी छापून घ्या. हेल्वेटिकातल्या ‘सी’ची दोन्ही टोके आडवी कापलेली आणि एकमेकांकडे वळलेली असतात, कागद लांब धरला की ते तोंड मिटल्यासारखे होऊन ‘सी’ आणि ‘ओ’ यांत गल्लत होऊ लागते. फ्रुटिगरमधले तोंड उघडेच राहते. मग तिसऱ्या ओळीत व्हिटनी छापा. तोंडे फ्रुटिगरसारखी उघडी आणि पोटातली पोकळी ऐसपैस, पण अक्षरांची बांधणी आटोपशीर, असे तिचे रूप दिसेल. लहान अक्षरांची उंचीही मोठ्या अक्षरांच्या मानाने बरीच ठेवलेली आहे, त्यामुळे बारीक आकारातला मजकूर दबून जात नाही. लहान ‘जी’ मात्र जरूर तपासा : न्यूज गॉथिकमध्ये तो दोन पोकळ्यांचा आहे, व्हिटनीत फ्रुटिगरसारखा एकाच पोकळीचा.

हेल्वेटिका मुद्दाम मध्ये आणली, कारण ‘युरोपी परंपरा’ हा शब्दप्रयोग माझ्या मते फार ढोबळ आहे. मॅक्स मीडिंगर यांची १९५७ सालची हेल्वेटिकाही युरोपीच, स्वित्झर्लंडमधली. पण व्हिटनीने जे घेतले ते त्या प्रवाहातले नाही. शिवाय दोन परंपरांची सरासरी काढून असा टाइपफेस तयार होत नाही. आटोपशीरपणा पानासाठी ठेवला आणि मोकळेपणा फलकासाठी, म्हणूनच हा मेळ टिकाऊ ठरला. लाइटपासून ब्लॅकपर्यंतच्या सहा जाड्या आणि नकाशे व फलकांसाठी वर्तुळा-चौकोनांत बसवलेले अंक, असा या कुटुंबाचा विस्तारही त्याच दुहेरी कामातून आलेला आहे.

प्रश्न : ते संग्रहालय आजही हाच टाइपफेस वापरते का?

उत्तर : नाही. २०१३ मध्ये अॅमस्टरडॅमच्या एक्स्पेरिमेंटल जेटसेट या स्टुडिओने संग्रहालयाची नवी दृश्य ओळख घडवली आणि तिच्यासाठी नॉय हास ग्रोटेस्क, म्हणजे हेल्वेटिकाचेच मूळ रूप, निवडले. व्हिटनीला मात्र दुसरीकडे मोठे काम मिळाले : डिस्कॉर्ड या संदेशसेवेने २०२२ च्या अखेरीपर्यंत ती पडद्यावरच्या मजकुरासाठी वापरली. अरुंद रकान्यात, बारीक आकारात आणि भराभर वाचायच्या संदेशांना तोच आटोपशीरपणा आणि तीच उघडी तोंडे लागतात.