छोट्या दुकानाची वर्डप्रेस साइट कोण हॅक करणार? प्लगिन अपडेट करणं खरंच गरजेचं आहे का?

‘साइट चालतेय न्हवं, मग प्लगिनला हात लावू नका,’ असं डेव्हलपर (साइट करून देणारा) सांगतो म्हणून तुम्ही विचारताय. प्लगिन म्हणजे वर्डप्रेस साइटला वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम. हेच वाक्य आमच्या मामांनाही ऐकवलं होतं, म्हणून लिहितोय.

बेळगावात शहापूरला मामांचं साड्यांचं दुकान आहे. २०२० साली बाजार थंड होता; कोल्हापूर-गोव्याच्या ऑर्डरी साइटवरूनच यायच्या. सप्टेंबरनंतर त्या आटल्या. गुगलवर दुकानाचं नाव टाकलं की खाली जपानी अक्षरांत भलत्याच मालाच्या जाहिराती. मामांनी साइट उघडली की मात्र साड्याच दिसायच्या, कारण घुसवलेला कोड गुगलच्या बॉटला (आपोआप साइटी वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमला) वेगळं पान दाखवायचा. साइट करून देणारा म्हणाला, तुमच्या मोबाईलात व्हायरस आहे. मामांनी बिचाऱ्यांनी फोन बदलला!

मी होस्टिंगचं, म्हणजे साइट जिथं ठेवलेली असते त्या सर्व्हरचं, लॉगिन घेतलं. ‘फाइल मॅनेजर’ हे प्लगिन साइट करून देणाऱ्यानं स्वतःच्या सोयीसाठी टाकून, नंतर नुसतं डीॲक्टिव्हेट (बंद) करून ठेवलेलं. त्याच्या फोल्डरात अनोळखी पीएचपी फायली (सर्व्हरवर चालणाऱ्या कोडच्या फायली) पडलेल्या. त्या प्लगिनमधली एक फाइल लॉगिनशिवाय बाहेरून थेट चालायची आणि तिच्यातून कुणीही सर्व्हरवर काहीही चढवू शकायचं. सात लाखांवर साइटींवर ते प्लगिन होतं. दुरुस्ती १ सप्टेंबर २०२० ला, ६.९ आवृत्तीत आली. डीॲक्टिव्हेट केल्यानं फाइल सर्व्हरवरून जात नाही, ती डिलीटच करावी लागते. एवढं ज्याला कळत नाही त्यानं लोकांच्या साइटी करून पैसे घेऊ नयेत.

आणि दुकान छोटं की मोठं हे कुणी बघत नाही. बॉट एकाच फाइलचा पत्ता हजारो साइटींवर टाकून बघत जातात, जिथं लागेल तिथं घुसतात.

तेव्हा अपडेट कराच, आधी बॅकअप घेऊन. वूकॉमर्ससारखं (साइटवर ऑनलाइन दुकान चालवणारं) मोठं प्लगिन असेल तर साइटच्या कॉपीवर करून बघा. फुकटात मिळालेली ‘प्रो’, म्हणजे एरवी विकतची, प्लगिनं आजच काढा. हां, अपडेट म्हणजे हमी नव्हे: २०१७ मध्ये ‘डिस्प्ले विजेट्स’ प्लगिन विकलं गेलं आणि नव्या मालकानं अपडेटमधूनच चोरवाट घातली. शिवाय आधीच कुणी घुसलं असेल तर अपडेटनं ते निघत नाही.

होस्टिंगचा पासवर्ड मात्र डेव्हलपरकडून आजच मागून घ्या. मामांकडे तो नव्हता, आणि साफसफाईचे पैसेही त्यांच्या डेव्हलपरनं मामांकडूनच मागितले. मी देऊ दिले नाहीत.