गोळी घेतली, की फक्त बटण दाबलं?

प्रश्न : रक्तदाबाच्या रुग्णांना गोळीची आठवण करून देणारं अ‍ॅप आम्ही तयार केलं आहे. रोज तीन सूचना जातात. महिन्याभरात बहुतेकांनी सूचनाच बंद करून टाकल्या. आता काय करावं?

उत्तर : सूचना एकावर आणा. पण त्याआधी गोळी का चुकते ते दहा-बारा रुग्णांना निवांत विचारा. सगळेच विसरत नाहीत. कुणाला चक्कर येते, कुणाला काहीच त्रास जाणवत नाही म्हणून औषध नको वाटतं, कुणाच्या गोळ्या संपलेल्या असतात. अशांपुढे कितीही घंटा वाजवा, उपयोग शून्य. ‘घेतली’च्या शेजारी ‘नाही घेतली’ हेही बटण हवं आणि त्याखाली ही कारणं. ‘चक्कर’ निवडलं, तर निरोप त्याच दिवशी नर्सकडे पोचला पाहिजे.

केनियातल्या एचआयव्ही रुग्णांवरचा एक अभ्यास 2010 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापला. आठवड्याला एकच एसएमएस : ‘मांबो?’, म्हणजे कसं काय? उत्तर 48 तासांत द्यायचं; ‘सावा’ म्हणजे ठीक, ‘शिदा’ म्हणजे अडचण. अडचण कळवणाऱ्याला आणि गप्प राहणाऱ्यालाही दवाखान्यातून फोन जाई. औषधं नीट घेणारे 62 टक्के निघाले, एसएमएस नसलेल्या गटात 50 टक्के. हे रुग्णांनी स्वतः सांगितलेलं होतं, म्हणून रक्तातला विषाणूही तपासला. तो आटोक्यात असलेले 57 विरुद्ध 48 टक्के. माझ्या मते यातली खरी ताकद त्या फोनची आहे.

सूचनेची वेळ रुग्णालाच ठरवू द्या, गोळ्या हाताशी असतील अशी. रात्री दात घासल्यानंतरची वेळ पुष्कळांना जमते. बॅटरी वाचवणाऱ्या सेटिंगमुळे काही फोनवर सूचना तासभर उशिरा येते किंवा येतच नाही, तेव्हा स्वस्त फोनवरही आठवडाभर चाचणी घ्या.

प्रश्न : तीन महिन्यांनंतरही अ‍ॅप वापरणाऱ्यांचा रक्तदाब उतरलेला दिसतो. हा अ‍ॅपचाच गुण ना?

उत्तर : एवढ्यावरून नाही म्हणता येत. टिकून राहिलेले मुळातच काटेकोर असू शकतात. शिवाय रक्तदाब चढलेला असताना निवडलेल्यांचं पुढचं माप बरेचदा आपोआप खाली येतं. चिठ्ठी टाकून दोन गट करा, एक अ‍ॅपचा, एक अ‍ॅपविना; आणि अ‍ॅप काढून टाकलेल्यांनाही शेवटी बोलावून त्यांच्या मूळ गटातच मोजा. लोक ही पायरी गाळतात आणि सगळा अभ्यास वाया जातो. माप घेणाऱ्याला गट माहीत नसावा; रुग्णाला पाच मिनिटं शांत बसवून, मिनिटाच्या अंतराने दोन मापं घेऊन सरासरी लिहावी. अ‍ॅपमधल्या ‘घेतली’ या नोंदीवर विसंबू नका, उरलेल्या गोळ्या मोजा. अभ्यास चालू असताना अ‍ॅपमध्ये बदल करावाच लागला, तर तारीख आणि आवृत्ती टिपून ठेवा.