आधी थर्मामीटर, मग रॉड

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू फोनवर उत्साहानं सांगितलंस की आठ नंबरची नवी रॉड घेतली, रीळ घेतलं, डबीभर फ्लाय (गळाला पिसं बांधून केलेले नकली किडे) घेतल्या, आता स्टीलहेड मासा कुठे मिळतो तेवढं सांग. मी 'विंड रिव्हर', ती वॉशिंग्टन राज्यातली नदी, एवढंच म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर मला चैन पडेना. त्या नदीत कसं उतरायचं आणि कधी उतरायचंच नाही, हे न सांगता नुसतं नाव देणं बरं नव्हे. म्हणून हे पत्र. तुझ्या आईची मी शाळेपासूनची मैत्रीण, तेव्हा जरा मावशीच्या अधिकारानं लिहिते.

आमच्याकडे राजापूरच्या बाजूला मिरगाचा पाऊस लागला की बाबा आम्हाला वहाळावर न्यायचे, चढणीचे मासे बघायला. लाल गढूळ पाण्याचा लोंढा खाली येतोय आणि हातभर उंचीच्या कातळावरून मासे उलटे वर उड्या घेताहेत. एक पडायचा, पुन्हा यायचा. सगळी वाडी टोपल्या आणि जाळी घेऊन लोटलेली असायची. बाबा एका वेळच्या कालवणापुरते मासे घ्यायचे आणि उठायचे. शेजारी टोपली भरत असला तरी ते उठायचे. त्याचा अर्थ मला फार उशिरा, इथे येऊन कळला.

स्टीलहेड हा चढणीचाच मासा. जातीनं तो रेनबो ट्राउट, शास्त्रीय नाव ऑन्कोरिन्कस मायकिस. काही पिल्लं जन्मभर नदीतच राहतात, काही दोनेक वर्षांची झाली की समुद्राकडे निघतात. तिथे एक ते तीन वर्षं काढून, चांदीसारखी होऊन, जन्मलेल्या पाण्यात परत येतात. इथला सॅमन अंडी घातल्यावर मरतो. स्टीलहेड मरेलच असं नाही, तो पुन्हा समुद्रात जाऊन पुन्हा चढू शकतो. म्हणून तू हातातून नीट सोडलेला मासा परत येण्याची आशा ठेवता येते.

विंड रिव्हरचे मासे मुख्यतः उन्हाळी आवकीचे. उन्हाळ्यात ते कोलंबिया या मोठ्या नदीतून वर येतात आणि पुढच्या वर्षी वसंताच्या सुमाराला अंडी घालतात. मधले कित्येक महिने ते या एवढ्याशा नदीच्या डोहांत अंगातल्या चरबीवर काढतात. नदीत आल्यावर ते जवळजवळ खात नाहीत. म्हणजे तू ज्या माशाला दमवशील त्याच्याकडची ताकद ही बांधून आणलेली शिदोरी आहे, ती भरून निघत नाही. माझं सगळं सांगणं या एका गोष्टीवर उभं आहे. मोठ्या नदीत तुझी चूक पाण्यात विरून जाते. लहान नदीत माणसाचं प्रत्येक पाऊल मोठं असतं.

पहिल्या खेपेला जाताना वाटेत कोलंबियावरच्या बॉनव्हिल धरणावर थांब. तिथे माशांना धरण चढून जाता यावं म्हणून पाण्याची पायऱ्यापायऱ्यांची शिडी बांधली आहे, तिला काचेची खिडकी आहे, मासे एकेक करून डोळ्यांसमोरून वर जातात. ही मोजणी 1938 पासून चालू आहे. 2001 साली तिथून सहा लाखांहून अधिक स्टीलहेड गेले. 2021 साली आकडा एक लाखापर्यंतही पोचला नाही. त्यातले विंड रिव्हरकडे वळणारे शेकड्यांत मोजावे लागतात. लोअर कोलंबियाचे हे स्टीलहेड 1998 पासून संकटग्रस्त म्हणून कायद्यानं संरक्षित आहेत. खिडकीपाशी अर्धा तास उभा राहा. आई-बाबा पुण्याहून आले की त्यांनाही ने. माझे बाबा तिथून हलायलाच तयार नव्हते.

कोलंबियाच्या काठावर तुला लाकडी मचाणं दिसतील, त्यांवरून यकामा आणि इतर मूळ अमेरिकी जमातींचे लोक जाळ्यानं मासे धरतात. 1855 च्या करारात त्यांनी जमीन दिली आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. मासे कमी झाले की त्यांच्या जाळ्यांकडे बोट दाखवणारे तुला भेटतील. त्यांच्यात सामील होऊ नकोस. धरणं त्यांनी बांधली नाहीत.

नदीबद्दल सांगते. पोर्टलंडहून साधारण तासाभरात तू कार्सनला पोचशील. तिथे विंड रिव्हर काळ्या बेसाल्टच्या अरुंद घळीतून कोलंबियाला मिळते. मुखापासून थोडं वर शिपहर्ड धबधबा आहे, चार टप्प्यांचा. आता तिथे माशांसाठी शिडी आहे. ती नव्हती तेव्हाही हे उन्हाळी स्टीलहेड तो धबधबा चढत होते. सॅमनना ते साधत नव्हतं. खालून वर बघितलंस तर विश्वास बसणार नाही.

कातळ पाहून तुला घरच्यासारखं वाटेल. सह्याद्रीचा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, कोलंबियाच्या खिंडीच्या भिंती दीड कोटी वर्षांच्या आसपासच्या, पण हाताला दोन्ही सारखेच लागतात. ओले झाले की दोन्ही तितकेच दगा देतात. श्रावणात आपल्या कातळावर जसा पाय टाकतोस, तसाच इथे टाक. आधी काठी टेकायची, मग पाय, आणि तो बसल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. बुटांना खिळे हवेतच. वेडर्सच्या, म्हणजे पाण्यात उतरायच्या जलरोधक विजारीच्या, वरून कमरेला पट्टा घट्ट आवळ, म्हणजे पडलास तरी आत पाणी पटकन भरणार नाही. वाहून जायला लागलास तर उताणा हो, पाय खालच्या दिशेला ठेव आणि कडेला येईपर्यंत उभं राहायचा प्रयत्न करू नकोस. पाय दगडांच्या फटीत अडकला तर पाणी माणसाला वाकवतं आणि बुडवतं. मांडीच्या वर पाण्यात जायची या नदीत गरजच नाही. मासा बहुतेक वेळा तू उभा राहायला निघतोस तिथेच असतो, म्हणून आधी काठावरून फ्लाय टाक, मग उतर.

नियम आधी वाच. धबधब्याच्या वरचा भाग शरदात थोडेच आठवडे उघडतात, तोही मासा धरून सोडण्यापुरता, आणि आवक कमी असली तर तेवढाही नाही. वॉशिंग्टन राज्याचा परवाना वेगळा काढावा लागतो. निघायच्या आदल्या रात्री नियम पुन्हा बघ, ते मध्येच बदलतात. गळाचा काटा चिमट्यानं दाबून टाक. पाठीवरचा, शेपटीजवळचा छोटा मांसल पर शाबूत असेल तर मासा रानातला, कापलेला असेल तर पैदास केंद्रातला. रानातला मासा इथे पाण्याबाहेर पूर्ण उचलणंसुद्धा बेकायदा आहे.

आता थर्मामीटर. तुझ्या यादीत तो नव्हता, आणि मला सगळ्यात जास्त तोच खटकला. पाणी 10 ते 13 अंश सेल्सियस असलं की मासा तरतरीत असतो, पृष्ठभागाजवळची फ्लायसुद्धा घ्यायला वर येतो. 5 च्या खाली गेलं की तो सुस्तावतो. 18 च्या पुढे पारा दिसला की मी रॉड सुटी करून पिशवीत घालते, आणि 20 ला तर कोणीच गळ टाकू नये. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. दमलेला मासा पोहत निघून गेलासा वाटतो आणि पुढच्या वळणावर मरतो.

हे मी करून बसले आहे. इथे येऊन मला दोन वर्षं झाली होती. कोलंबियाच्या दुसऱ्या एका उपनदीवर ऑगस्टच्या अखेरीस, दुपारी, मला माझा पहिला स्टीलहेड लागला. मादी होती, हाताच्या कोपरापासून बोटांपर्यंत मापलं तर त्याहून लांब. तिला मी फार वेळ खेळवलं, कारण लाइन तुटेल या भीतीनं जोर लावायचं मला धैर्य होत नव्हतं. मग दगडावर घेऊन फोटो. एक हलला म्हणून दुसरा. पाण्यात ठेवली तेव्हा तिचे कल्ले उघडमीट करत होते, पण फार सावकाश. मी शेपटीच्या मुळाशी धरून तिला सरळ ठेवलं. सोडलं की ती कलंडायची आणि पांढरं पोट वर यायचं. पुन्हा सरळ करायची. माझ्या बोटांना तिच्या अंगाचा बुळबुळीतपणा कमी कमी होत गेलेला कळत होता, तो मीच दगडावर पुसून काढला होता. तासाभरानं कल्ले थांबले. दुसऱ्या दिवशी मी पाच डॉलरचा थर्मामीटर आणला. तो फोटो मी कोणाला दाखवलेला नाही, आणि फेकूनही दिलेला नाही.

तेव्हा लागलेला मासा लवकर आण. आठ नंबरची रॉड आणि दहा पौंडांचा लीडर (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक दोरा) हे जोर लावायलाच असतात. रॉड आडवी करून काठाच्या बाजूला ओढ, उभी धरून नुसता तोल सांभाळत बसू नकोस. गुडघाभर पाण्यात, हात ओले करून, गळ काढ. मासा पाण्यातच राहू दे, डोकं प्रवाहाकडे.

फ्लाय टाकायची पद्धत तशी सोपी, पण तिला धीर लागतो. धारेच्या माथ्यावर उभा राहा. फ्लाय समोर आणि थोडी खालच्या अंगाला टाक, रॉडच्या टोकानं लाइनीचं पोट वरच्या बाजूला फिरव, म्हणजे प्रवाह फ्लायला फरफटत नेणार नाही. मग काही करायचं नाही. लाइन ताणली जाते आणि फ्लाय धनुष्याच्या कमानीसारखी फिरत तुझ्या काठाला येते. तिथे दोन श्वास थांबू दे. गुंडाळ, एक पाऊल खाली सरक, पुन्हा टाक. या घळीत पाठीमागे झाडं इतकी जवळ की रॉड मागे फेकायला जागा नसते, म्हणून रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न फेकता पाण्यावरून पुढे गुंडाळत टाकायची पद्धत, घरामागच्या तळ्यावर घोटून ये. माणसाच्या चालीइतका ज्याचा वेग असेल ते पाणी शोध, कमरेपासून डोक्यापर्यंत खोल, मध्ये एखादा मोठा दगड असलेलं. आमच्याकडे अशा जागेला कोंड म्हणत. कोंडाची शेपटी, जिथे पाणी उथळ होत काचेसारखं सपाट होतं, ती जागा कधी सोडू नकोस.

फ्लायची काळजी करू नकोस. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे ऑक्टोबर कॅडिस नावाचा नारिंगी पोटाचा मोठा किडा उडतो. हा मासा पिल्लू असताना याच पाण्यात असेच किडे खाऊन वाढला. नारिंगी पोटाची एक मडलर नावाची फ्लाय आणि एक काळी फ्लाय मला वर्षानुवर्षं पुरली आहे.

डाव्या हातात लाइनीचा एक सैल वेढा धर. मासा घेतो तेव्हा तो वेढा बोटांतून हळूच सरकायला लागतो, कोणी दोरा मागतंय तसा. तुझा हात आपोआप रॉड वर उचलायला जाईल. उचलू नकोस. वेढा जाऊ दे, रीळ बोलू दे, वजन जाणवलं की मगच रॉड काठाकडे ने. घाईनं फ्लाय माशाच्या तोंडातून निसटते. हे मी कितीही लिहिलं तरी पहिले दोन मासे तू असेच घालवशील, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस.

लहान कोंडात एकदा वरपासून खालपर्यंत जा आणि तो सोड. दुसऱ्यांदा तेच पाणी ढवळू नकोस. आधीच कोणी तिथे फ्लाय टाकत असेल तर त्याच्या खाली कधीच शिरू नकोस, वर थांब, पाळी येते. एक मासा हाताला लागला की माझा दिवस संपतो. मग मी थर्मास उघडून बसते. डिपर नावाचा राखाडी पक्षी दगडावर बैठका काढत असतो, व्हाइन मेपलचं झाड लाल झालेलं असतं. तू एकावर थांबावंस असा माझा आग्रह आहे. तरुण वयात तो जड जाईल हे मला माहीत आहे, तरी आहे.

वसंतात गेलास तर रेतीत ताटापेक्षा मोठे फिकट, धुतल्यासारखे खळगे दिसतील. मादीनं शेपटीनं उकरून तिथे अंडी पुरलेली असतात. वळसा घालून जा.

ट्राउट क्रीक या उपनदीवरही तुला नेईन. तिथे 1935 चं हेमलॉक धरण होतं, त्यामागच्या उथळ तलावात उन्हाळ्यात पाणी तापायचं. 2009 साली ते पाडलं. आज तिथे उभं राहिलं तर धरण कुठे होतं ते शोधावं लागतं, आणि पाण्यात हात घातला की तो गारठतो.

पुढच्या शनिवारी पहाटे पाचला मी तुला घ्यायला येते. पोळी-भाजी मी आणीन. बूट, काठी, पट्टा आणि पोलराइज्ड चष्मा घे. रॉड घरी ठेव. पहिल्या दिवशी आपण फक्त धबधब्यापासून वर चालत जायचं, तीन कोंडांचं तापमान घ्यायचं, आणि तू मला प्रत्येक ठिकाणी सांगायचंस की मासा कुठे असेल.

तुझी,
मावशी